दुसरे मत

‘माणूस सज्जन आहे हो, पण त्याचा उपयोग काय?’ निवडणूक जवळ आली की आमच्या परभणीत हे वाक्य मोंढ्यात, बसस्थानकावर आणि महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षातही सारख्याच सुरात ऐकू येते. त्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘आणि ज्याचा उपयोग होतो, तो सज्जन आहे का?’ मग चहा येतो आणि विषय बदलतो.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास एम.ए.च्या वर्गात राजकीय कादंबरी शिकवत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, जो हरणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला मत देणे म्हणजे मत वाया घालवणेच ना?’ प्रश्न साधा होता. मला मात्र त्यातल्या ‘वाया घालवणे’ या शब्दांपाशी थांबावेसे वाटले. मराठी राजकारणाच्या इतिहासात याच अर्थाचा एक फार नेमका आणि जरा ओंगळ शब्द होऊन गेला आहे : मत ‘कुजवणे’. त्या शब्दामागची हकीकत आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते. ती सांगायची तर १९५२पासून सुरुवात करावी लागते, आणि आमच्या भागापुरते बोलायचे तर त्याच्याही थोडे मागे जावे लागते.

मराठवाड्यात ‘उपयोग’ या शब्दाला जे वजन आहे, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित पटकन कळणार नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाची प्रजा होतो. सरकार म्हणजे आपण निवडलेली माणसे हा अनुभवच नव्हता. सरकार म्हणजे दूर कुठेतरी असलेली सत्ता आणि तिच्यापर्यंत पोहोचवणारा मधला माणूस : तालुक्याचा अंमलदार, जहागीरदाराचा कारभारी, ओळखीचा कारकून. बी. रघुनाथ याच परभणीत सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत लिहीत होते. मध्यस्थांच्या या जगाचा वास त्यांच्या कथा-कादंबऱ्यांना आहे. पोलीस कारवाईनंतर राज्य बदलले. चिठ्ठी घेऊन कुणाकडे तरी जाण्याची सवय बदलली नाही. १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आलो, तेव्हा राजधानी आणखी दूर गेली. कालवा, रेल्वे, विद्यापीठ, साधी शाळेची खोली, प्रत्येक गोष्ट कुणीतरी ‘आणायची’ असते. अशा प्रदेशातला मतदार ‘उपयोग काय?’ असे विचारतो, तेव्हा त्याला भ्रष्ट किंवा स्वार्थी म्हणून मोकळे होणे हा आपल्या मध्यमवर्गीय प्राध्यापकी वृत्तीचा उद्दामपणा आहे. माझ्या व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, पण आपली वेतनश्रेणी कुणा आमदाराच्या चिठ्ठीवर अवलंबून नसते, हे आपण विसरतो.

आणि तरीही याच मतदाराने आपल्या पहिल्याच निवडणुकीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९५१-५२च्या निवडणुकीत हैदराबाद राज्यात काँग्रेसला १७५पैकी ९३ जागा मिळाल्या. मुक्तिसंग्रामाचे सगळे पुण्य पाठीशी असलेला तो पक्ष होता, केंद्रात नेहरूंचे सरकार होते. काम करून घ्यायचे असेल तर काँग्रेसला मत द्यावे, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. परभणीच्या मतदारांनी लोकसभेवर पाठवले ते शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारे यांना. शेकापचा जन्म होऊन तेव्हा चार-पाच वर्षेच झाली होती आणि राज्याच्या विधानसभेत त्या पक्षाला अवघ्या १० जागा मिळाल्या होत्या. म्हणजे परभणीकरांनी सत्तेत नसलेल्या, सत्तेत येण्याची शक्यताही नसलेल्या पक्षाचा माणूस दिल्लीला धाडला. त्यात कूळ-जमिनीचा प्रश्न होता, काँग्रेसमधल्या गटबाजीचा वीट होता. निव्वळ ध्येयवादाने हे घडले असा माझा दावा नाही. पण ‘उपयोग’ हा एकच निकष त्यांनी लावला नव्हता, एवढे निश्चित.

त्याच निवडणुकीत, जानेवारी १९५२मध्ये, मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. सप्टेंबर १९५१मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने समाजवादी पक्षाशी समझोता केला. उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेसाठी आंबेडकर, सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी पक्षाचे अशोक मेहता अशी जोडी होती. समोर काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर होते, आणि तिसऱ्या बाजूला कम्युनिस्टांचे डांगे.

इथे त्या काळची मतदानाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण सगळा प्रश्न त्या रीतीत दडलेला आहे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मत धरले जाई, दुसरे बाद होई. यालाच म्हणायचे मत कुजवणे. पहिले मत आपल्या माणसाला द्यावे आणि दुसरे कुणालाच मिळू नये अशी व्यवस्था करावी. बेकायदा नव्हे, पण कायद्याच्या हेतूला बगल देणारी अशी ही युक्ती होती. उत्तर मुंबईत अशी सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. काजरोळकरांनी बाबासाहेबांवर सुमारे साडेचौदा हजार मतांनी विजय मिळवला. दोन आकडे शेजारी ठेवले की त्या पराभवातला सल कळतो. आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. मते कुजवण्याचा प्रचार झाला ही त्यांची मुख्य तक्रार होती. अर्ज फेटाळला गेला.

याच निकालात आणखी एक गोष्ट दिसते. हरले दोघेही, पण अशोक मेहतांना बाबासाहेबांपेक्षा अधिक मते पडली होती. म्हणजे फेडरेशनच्या मतदारांनी आपले दुसरे मत मित्रपक्षाच्या सवर्ण उमेदवाराला जितक्या निष्ठेने दिले, तितक्या निष्ठेने उलट दिशेचे मत आले नाही. आदर्शांची भाषा बोलणाऱ्या पक्षांच्या युतीतसुद्धा जात मतपेटीपर्यंत पोहोचली होती.

दोन वर्षांनी, मे १९५४मध्ये, भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्य, सर्वसाधारण जागेसाठी पुन्हा अशोक मेहता, राखीव जागेसाठी पुन्हा आंबेडकर. मुंबईचा अनुभव ताजा होता. त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून असे सांगितले जाते की, काहींनी बाबासाहेबांना सुचवले : आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगा. हिशेब चुकीचा नव्हता. राखीव जागेवर काँग्रेसचा उमेदवार पुढे गेला, तरी एकूण मतांत बाबासाहेब मेहतांच्या पुढे राहिले असते तर सर्वसाधारण जागा त्यांना मिळू शकत होती. कायद्याने ते शक्य होते. (पुढे १९५७मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात अगदी हेच घडले; दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरींसारखा नेता पडला. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथेही हरले.) बाबासाहेबांनी सल्ला मानला नाही. मित्रपक्षाला दिलेला शब्द होता. आणि ज्याने मताचा अधिकार राज्यघटनेत लिहिला त्यानेच लोकांना मत नासवायला सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ-नऊ हजार मतांनी हरले. लोकसभेत ते कधीच गेले नाहीत.

मी ही हकीकत वर्गात सांगतो तेव्हा दोन प्रतिक्रिया येतात. काही विद्यार्थी भारावतात, काही चिडतात. मला चिडणाऱ्यांबद्दल अधिक आस्था आहे, कारण त्यांना काय गमावले गेले ते कळलेले असते. लोकसभेतले आंबेडकर आणि राज्यसभेतले आंबेडकर यांत फरक होता. लोकांनी थेट निवडून दिल्याचे बळ वेगळेच. तो फरक ज्यांच्या वाट्याला आला ते लोक गरीब होते. नेत्याच्या तत्त्वनिष्ठेची किंमत बहुतेक वेळा अनुयायी मोजतात, आणि तत्त्वनिष्ठेचे गोडवे गाणारे लेखक ही बाब सोयीस्करपणे वगळतात.

मात्र या प्रसंगाकडे ‘तत्त्व विरुद्ध व्यवहार’ अशा चौकटीतून पाहिले, तर तो हाताला लागत नाही. बाबासाहेब अव्यवहारी होते असे कोण म्हणेल? ज्या काँग्रेसशी आयुष्यभर भांडले तिच्या मंत्रिमंडळात १९४७मध्ये ते गेले, कारण तिथे काम होणार होते. चार वर्षांनी बाहेर पडले, कारण जे काम व्हायला हवे होते ते होईना. समाजवाद्यांशी युती हाही व्यवहारच होता. ते तडजोड करत होते, फक्त एका ठिकाणी थांबत होते. मॅक्स वेबरने जानेवारी १९१९मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात राजकारणातल्या दोन नीतींची फोड केली आहे : निष्ठेची नीती आणि परिणामांच्या जबाबदारीची नीती. आपल्याकडे या व्याख्यानाचा उल्लेख बहुधा पहिलीवर दुसरीने मात करावी अशा अर्थाने होतो. वेबरला मात्र परिणामांचा विचार करत करत अखेर ‘याच्यापुढे मी जाणार नाही’ अशा जागी पोहोचणारा माणूस महत्त्वाचा वाटत होता. भंडाऱ्याचा प्रसंग या विवेचनाला उदाहरण म्हणून देता येईल, इतका नेमका आहे. उमेदवाराचा ध्येयवाद जाहीरनाम्यात वाचून कळत नाही. जिंकण्यासाठी हाताशी असलेले कोणते साधन त्याने वापरले नाही, यावरून तो कळतो. मतदाराला हे दिसणे अवघड असते, कारण न केलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

आणि परिणामकारकतेचे काय? इथे मराठवाड्यातल्या माणसाला आपोआप औरंगाबादचे नागसेनवन आठवते. १९५०मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तिथे महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांतली पहिल्या पिढीची मुले तिथे शिकली. म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे ही नावे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोत. दलित साहित्याच्या चळवळीचा एक मोठा उगम त्या आवारात आहे. निवडणुकीत पडलेल्या माणसाने उभे केलेले हे काम मराठवाड्यातल्या कितीतरी निवडून आलेल्यांच्या एकत्रित कामापेक्षा मोठे आहे. अर्थात यावरून निवडणूक हरली तरी चालते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. प्रत्येक पराभूत उमेदवाराजवळ मिलिंद उभारण्याची ताकद नसते.

परभणीकडे परत येऊ. १९५२मध्ये ज्या शेकापला इथल्या मतदाराने निवडले, त्याच्या संस्थापकांचेच पुढे काय झाले? केशवराव जेधे १९५४मध्ये काँग्रेसमध्ये परतले. शंकरराव मोरेही गेले; १९६२मध्ये पुण्यातून काँग्रेसच्या तिकिटावर नानासाहेब गोऱ्यांना हरवून ते लोकसभेत पोहोचले. यशवंतराव चव्हाणांनी पुढे या प्रक्रियेला ‘बेरजेचे राजकारण’ हे सुबक नाव दिले. बहुजन समाजातले कर्ते कार्यकर्ते विरोधात राहून कुजण्यापेक्षा सत्तेत येऊन कामाला लागावेत, असा त्यामागचा विचार. तो खोटा नव्हता. सहकार, जिल्हा परिषदा, पाटबंधारे यांतून ग्रामीण महाराष्ट्र बदलला त्यात या बेरजेचा वाटा आहे. पण बेरीज करणाऱ्याची एक अडचण असते : वजाबाकी कुणी करायची? विरोधात बसून प्रश्न विचारणारी माणसे कमी कमी होत गेली. परभणी १९५७ ते १९७१ या चारही निवडणुकांत काँग्रेसकडे राहिली. मग १९७७ आले. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत परभणीने पुन्हा शेकापचे शेषराव देशमुख यांना निवडले. शेजारी नांदेडने त्याच पक्षाच्या केशवराव धोंडग्यांना. १९८०मध्ये परभणी पुन्हा इंदिरा काँग्रेसकडे गेली.

हे दोन प्रसंग, १९५२ आणि १९७७, मी मुद्दाम शेजारी ठेवतो. परभणीचा मतदार सहसा ‘उपयोगा’चा विचार करतो, पण काहीतरी मुळावर आले आहे असे वाटले की तो हिशेब बाजूला ठेवतो आणि लगेच पुढच्या खेपेला पुन्हा वही उघडतो. यात मला चंचलपणा दिसत नाही. शिवाय उपयोगाचा हिशेब तरी कुठे सरळ असतो? मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी परभणीत स्थापन झाले. १९७४चे मराठवाडा विकास आंदोलन वसमतच्या गोळीबारानंतर पेटले. वसमत तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. ब्रॉडगेजच्या रेल्वेसाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा सत्तापदापासून दूर राहिलेला माणूस वर्षानुवर्षे भांडत राहिला. या भागात जे मोठे आले त्यातले पुष्कळसे रस्त्यावरच्या माणसांनी मागितले म्हणून आले, आणि मग कुणा मंत्र्याने कोनशिला बसवली. कोनशिलेवर मागणाऱ्यांची नावे नसतात.

‘सज्जन पण निरुपयोगी’ ही जोडी आपल्या मनात इतकी घट्ट का बसली, याचे थोडे उत्तर साहित्यातही शोधले पाहिजे. मराठी राजकीय कादंबरी आणि चित्रपट यांनी आपल्याला दोन माणसे दिली : डावपेचात मुरलेला पुढारी, आणि त्याच्याकडे पाहून हताश होणारा संवेदनशील साक्षीदार. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी केलेल्या ‘सिंहासन’च्या (१९७९) शेवटी पत्रकार दिगू टिपणीसला वेड लागते. ते दृश्य प्रभावी आहेच, पण आपल्या दोन-तीन पिढ्यांनी त्यातून एक धडा घेतला : शहाणा माणूस राजकारणात एक तर बिघडतो किंवा वेडा होतो. याच काळात सांगोल्यातून गणपतराव देशमुख निवडून येत होते. शेकापचेच. १९६२मध्ये पहिल्यांदा, मग १९७२ आणि १९९५चे पराभव पचवून एकूण अकरा वेळा. दुष्काळी तालुका, छोटा पक्ष, दोनदा अल्पकाळ मंत्रिपद, बाकी सगळी वर्षे विरोधी बाकावर. आणि तरी पाण्याच्या प्रश्नावर सभागृहाला ऐकायला लावण्याची ताकद. २०२१मध्ये ते गेले. एका पक्षात, एका मतदारसंघात अर्धशतक काढणाऱ्या या माणसात आमच्या कादंबरीकारांना नायक का दिसला नाही? मला वाटते, त्याला वेड लागले नाही, हाच त्याचा दोष.

१९८९नंतर परभणी शिवसेनेचा बालेकिल्ला झाली. तो इतिहास ताजा आहे आणि त्याची चर्चा इथे करण्याचे प्रयोजन नाही. एकच नोंद करतो. निवडून आलेला खासदार पुढे पक्ष सोडतो, अशी या मतदारसंघाची ख्यातीच होऊन बसली होती. पक्ष सोडताना दिले जाणारे कारण महाराष्ट्रभर एकच असते : ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’. म्हणजे आमचाच ‘उपयोग काय?’ हा प्रश्न आम्हालाच उत्तर म्हणून परत मिळतो. २०२२च्या फुटीत इथले खासदार संजय जाधव मूळ नेतृत्वाबरोबर राहिले आणि २०२४मध्ये पुन्हा निवडून आले. हा निष्ठेचा विजय म्हणायचा, की लाटेचा, की मराठवाड्यातल्या त्या वर्षीच्या आरक्षण-आंदोलनाचा, यावर आमच्या प्राध्यापक-कक्षात अजून एकमत नाही. मला स्वतःला तिन्ही कारणे खरी वाटतात.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१च्या कायद्याने रद्द झाले. तेव्हापासून आपल्या हाती एकच मत आहे. दोन मते असती तर एक तत्त्वाला आणि एक कामाला देऊन मोकळे होता आले असते, असे एका सहकाऱ्याने गमतीने म्हटले. पण दोन मते होती तेव्हा लोकांनी त्यातले एक कुजवले, हे तो विसरला. २०१३पासून यंत्रावर ‘नोटा’चे बटण आले. कुजवलेल्या मताला कायद्याने दिलेले ते सभ्य रूप आहे. ते मोजले जाते, जाहीर होते आणि निकालात काहीही बदल करत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी हे सगळे सांगितले. मग वर्गाला निबंध दिला : ‘१९५४मध्ये भंडाऱ्याला तुम्ही कार्यकर्ते असता तर बाबासाहेबांना काय सुचवले असते?’ बहुतेकांनी लिहिले, दुसरे मत कुजवा असेच सुचवले असते. तिनेही तसेच लिहिले, आणि खाली आणखी एक ओळ जोडली होती : ‘त्यांनी नाही म्हटल्यावर मी दुसरे मत मेहतांनाच टाकले असते, पण त्या रात्री मला झोप लागली नसती.’